पोरगी अध्यक्ष, बाप अर्जदार

हार्डवेअरच्या दुकानाची एक गंमत असते. गिऱ्हाईक खिळे न्यायला येतं, खिळे तोलून होईपर्यंत एखादा किस्सा सांगतं आणि निघून जातं. खिळे जातात, किस्सा दुकानात राहतो! साकोलीत हायवेला लागून माझं दुकान आहे. इतक्या वर्षांत माल येऊन-जाऊन तेवढाच राहिला, किस्से मात्र वाढत गेले. बरेचसे मी विसरलोही. पण शाळेच्या देणगी समितीचे किस्से विसरता येत नाहीत. त्या पोरांनी तीन महिने मला गल्ल्यावर स्वस्थ बसू दिलं नाही.

आधी ही समिती काय, ते सांगतो.

आम्हा दुकानदारांकडे वर्षभर पावती-पुस्तकं येतात. दुर्गा, शारदा, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, सप्ताह, गोशाळा, वसतिगृह... जो आधी आला आणि मोठ्यानं बोलला, त्याला जास्त. कोणाचं काम खरं, कोणाचं नुसतं पुस्तक छापलेलं, हे पाहायला वेळ कोणाला? एक दिवस लांजेवार मॅडम नळाची तोटी घ्यायला आल्या. त्या हायस्कूलला नागरिकशास्त्र शिकवतात. मी तेव्हा सकाळपासूनची तिसरी पावती फाडून घेत होतो.

मॅडम म्हणाल्या, “काकाजी, सगळे दुकानदार मिळून हे पैसे एका जागी जमा करा अन् माझ्या नववीच्या पोरांच्या हाती द्या. कोणाले द्याचे, ते पोट्टे ठरवतीन. देणं काय असते ते शिकतीन तरी.”

मी म्हटलं, “मॅडम, पोट्टे उडवून टाकतीन ना!”

“मंग तुमी आता काय करून राहिले?”

तोटीचे पैसे मी घेतले नाहीत. काय तोंडानं घेऊ?

असं ते सुरू झालं. वर्गातून नऊ पोरं निवडली. आम्हा दुकानदारांच्या वतीनं मला मागच्या बाकावर जागा मिळाली, एका अटीवर: काकाजींनी बोलायचं नाही. ज्या माणसाचं पोट बोलण्यावर चालतं, त्याला ही अट! मी बाकाखाली पाय हलवत बसायचो.

पोरांनी अध्यक्ष केली प्रणालीला. सानगडीहून रोज एसटीनं येणारी मुलगी, बोलायला कमी, पण बोलली की समोरच्याला उत्तर शोधावं लागायचं. आणि समितीकडे पहिलाच अर्ज आला तो सानगडीच्या वाचनालयाचा. खाली सचिवाची सही होती. सचिव म्हणजे शामरावजी, प्रणालीचे वडील!

अर्ज खोटा नव्हता. वाचनालय भाड्याच्या खोलीत होतं आणि खोलीमालकाला तिथं मोबाईलचं दुकान काढायचं होतं. पोळ्यापर्यंत खोली खाली करा म्हणून त्यानं सांगून टाकलं होतं. गावात एक जुनं गोदाम मिळत होतं, पण त्याचं छत आणि फरशी करायला पैसे हवे होते. नाही मिळाले तर पुस्तकं पोत्यात. शामरावजींनी तरुणपणापासून ते वाचनालय सांभाळलेलं. घाबरला माणूस, आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. भर बाजारात सांगत फिरले, “चिंता नोको करा! पोरगी अध्यक्ष आहे. पैसे आपलेच समजा!”

हे वाक्य एसटीच्या आधी साकोलीत पोचलं.

आता पोरीचं पाहा. वाचनालयाला पैसे मिळाले तर लोक म्हणणार, बापाला दिले. नाही मिळाले तर बापाचं वाचनालय तिच्या हातानं बंद. पंधरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर हे ओझं, आणि पोळा जवळ येत चाललेला.

*

बाकीचे अर्ज मागवायचे कसे, यावर पहिल्या सभेत चर्चा झाली. चेतन नावाचा मुलगा उठला. याच्या काकाचा ऑटो आहे, त्यावर भोंगा आहे. चेतन म्हणाला, “एका दिवसात तालुक्याले सांगतो!”

सांगितलं खरं. दिवसभर ऑटो फिरला: “पैसे देणे आहे! पैसे देणे आहे! गरजूंनी शाळेत संपर्क साधावा!”

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी बायांची ही रांग! हातात आधार कार्डाची झेरॉक्स, रेशन कार्ड, दोन-दोन फोटो. शिपायाला वाटलं शाळेत बँक निघाली.

प्रणाली रांगेत जाऊन समजावू लागली, “मावशी, हे कर्ज नाही.”

“मंग किती टक्क्यानं हाय?”

“टक्का नाही, मावशी. परत नाही द्यायचं. फुकट देऊन राहिलो, पण संस्थेले.”

‘फुकट’ ऐकताच मावशीनं कागद पिशवीत घातले आणि शेजारणीचा हात धरला. “चाल वं! बचतगटातल्या मॅडमनं सांगतलं हाय, फुकट देणारा दिसला का पयले घर गाठाचं!”

अर्ध्या तासात रांग गायब. चेतन म्हणाला, “काकाजी, कर्ज वाटणं सोपं हाय नाही?”

अर्ज मात्र आले. एक तर नवेगाव बांधाकडच्या संस्थेचा आला. ते गाव जिल्हे वेगळे झाले तेव्हापासून गोंदियात. मॅडमनी अर्ज घेऊन आलेल्या गृहस्थांना सांगितलं, “आमची समिती भंडारा जिल्ह्यापुरती आहे.”

त्यांनी लेटरपॅड पुढं केलं. वर ठळक छापलेलं, जिल्हा भंडारा.

“हे जुनं आहे ना जी?”

“जुनं आहे, पण भल्लाई छापलं होतं, गठ्ठेच्या गठ्ठे. लेटरपॅड संपेपर्यंत आमी भंडाऱ्यातच!”

*

मग पाहणी सुरू झाली. मॅडमचं म्हणणं, कागद वाचून पैसे द्यायचे नाहीत, जाऊन पाहायचं. पहिली पाहणी बायांच्या शिलाई केंद्राची.

आम्ही पोचलो तर पोरांसाठी खुर्च्या मांडलेल्या, आणि मोठाल्या बाया खाली सतरंजीवर, डोक्यावर पदर घेऊन! आतून केंद्रातली शिकवणारी तरुण बाई पोह्यांचा ट्रे घेऊन आली, मान खाली घालून प्लेटा दिल्या आणि समोर उभी राहिली. केंद्राच्या प्रमुख बाई म्हणाल्या, “विचारा जी काय विचाराचं ते. पोरीले सगळं येते.”

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. चेतन आदल्याच महिन्यात मोठ्या भावासाठी मुलगी पाहायला जाऊन आलेला. त्याच्या तोंडून निघून गेलं, “स्वयंपाक येते का?”

शिकवणारी बाई म्हणाली, “येते. अन् तुमच्या शर्टाची कॉलर उलटी लागली आहे, तेही दिसते!”

प्रणाली खुर्चीवरून उठली आणि सतरंजीवर जाऊन बसली. तिच्या मागून सगळी पोरं खाली. मग कुठं खरं बोलणं सुरू झालं: मशिनी किती चालतात, काम कोण देतं, मजुरी वेळेवर मिळते का.

निघताना मात्र नऊच्या नऊ जणांना शाल आणि नारळ! परतताना जीपमध्ये प्रणाली म्हणाली, “एवढ्या पैशात तं त्यायची बंद मशीन सुरू झाली असती.”

नारळ खाऊन झाले होते. शाली घेऊन पोरं हटवार भाऊंच्या दुकानात गेली. हटवार भाऊ म्हणजे कापडाचे जुने व्यापारी, घरात पिढ्यान् पिढ्या हातमाग. पोरं म्हणाली, “काकाजी, या परत घ्या अन् पैसे केंद्राले पाठवा.”

हटवार भाऊंनी एक शाल उलगडली, काठाला बोट लावलं आणि हसायलाच लागले. “अरे, हे शाल मी तलाठ्याच्या निरोप समारंभाले विकली होती. मंग ते माझ्याकडेच परत आली. मंग गेली हेडमास्तरच्या सत्काराले. तिथून परत आली. आता शिलाई केंद्रात जाऊन आली!”

“मंग आता काय करता?”

“ठेवतो ना! माझ्यापेक्षा तिचेच सत्कार जास्त झाले!”

त्या दिवसापासून पोरांनी नियम केला: शाल नाही, नारळ नाही, चहासुद्धा नाही. पुढच्या संस्थेत चहा नको म्हटल्याबरोबर तिथले अध्यक्ष पांढरे पडले. “काय चुकलं जी आमचं? दूध जास्त टाकतो!”

*

इकडे शामरावजी दर दोन दिवसांनी माझ्या दुकानात. मी म्हणायचो, बसा. बसायचे नाहीत. काउंटरवर नट-बोल्टचे खण असतात, त्यात हात घालायचे आणि बोलता बोलता अर्ध्या इंचाचे नट पाऊण इंचाच्या खणात!

“काय म्हणते समिती?”

“शामरावजी, मले बोलाची मनाई आहे.”

“वर्गात मनाई आहे. दुकानात कोण मनाई करते?”

“पोरगी घरीच आहे ना तुमच्या. तिले विचारा.”

“ते म्हणते, बाबा, समितीचं समितीत.” पुन्हा मूठभर नट उचलले. “पंधरा वर्षं अंगाखांद्यावर वागवलं, अन् आता मलेच म्हणते समितीचं समितीत!”

ते गेले की मी आणि नोकर संध्याकाळपर्यंत नट निवडत बसायचो.

*

आणि मग ती सभा. मॅडमनी नियम केला होता, ज्याच्या नात्यातल्या माणसाचा अर्ज असेल त्यानं चर्चेच्या वेळी बाहेर जायचं. न्यायाचं होतं ते. सानगडीच्या वाचनालयाचा विषय निघाला, प्रणाली उठून बाहेर गेली.

चेतन उभा राहिला. “मॅडम, शामरावजी माझ्या मामीचे चुलतभाऊ लागतात.”

“जा बाहेर.”

दुसरी मुलगी उठली. “माझी आई त्यायले राखी बांधते.”

“बाहेर.”

तिसरा. “मॅडम, माझ्या आत्याचे दीर त्याईचे साडू.”

चौथा डोकं खाजवत उठला. “त्याईच्या भावाच्या लग्नात आमचं पूर्ण घर गेलं होतं.”

मॅडम वैतागल्या. “हे काय नातं झालं?”

“जेवलो ना मॅडम! मंग नाही कसं म्हणू?”

असे एकेक करून आठ पोरं व्हरांड्यात. मॅडम खडू हातात घेऊन थांबल्या, मग हळूच म्हणाल्या, “आमच्या ह्यांच्या मामेबहिणीचं सासर तिथलंच...” आणि त्याही बाहेर!

वर्गात उरला अथर्व. याचे वडील बँकेत, सांगलीकडून बदली होऊन आलेले. तालुक्यात त्याचं कोणीच नाही. आणि मागच्या बाकावर मी, तोंडाला कुलूप लावून. अथर्वनं फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पाच मिनिटं पेन फिरवला आणि दारात जाऊन म्हणाला, “मॅडम, चर्चा संपली. माझं माझ्याशी एकमत झालं आहे.”

“काय ठरलं?”

“हा नियम आपल्याला परवडणार नाही.”

मग व्हरांड्यातच सभा भरली. कोणी म्हणे नियम काढून टाका, कोणी म्हणे बाहेरगावची पोरं आणा. शेवटी चेतन म्हणाला, “बाहेर काहून जायचं? उलटं करा ना! जो जास्त जवळचा, त्यानं पयला प्रश्न विचाराचा. घर कुठं गळते ते घरच्यालेच माहीत असते.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनाही पटलं. मलाही पटलं, माझ्या धंद्यात मी हेच करतो, माणसाची चौकशी त्याच्या भावाकडे करतो.

टाळ्या थांबल्यावर लक्षात आलं, प्रणालीनं वाजवल्या नव्हत्या. वाचनालयाला पहिला प्रश्न कोण विचारणार, हे तिला कळलं होतं.

*

सर्पमित्रांची गोष्ट थोडक्यात सांगतो. नागझिऱ्याच्या बाजूची पोरं आहेत, घराघरातून साप धरून जंगलात सोडतात. त्यांना पकडायच्या काठ्या आणि चांगल्या पिशव्या हव्या होत्या. सुनावणीला दोघं आले, टेबलावर एक बरणी ठेवली.

मॅडम म्हणाल्या, “हे काय?”

“तुमीच लिहिलं होतं ना जी, अर्जासोबत पुरावा जोडावा.”

बरणीतल्या पुराव्यानं फणा नव्हता काढला, धामण होती बिचारी, पण झाकणाला डोकं लावून समितीकडे पाहत होती. पहिला बाक आपोआप तिसऱ्या बाकावर गेला. मी खिडकीत.

प्रणालीनं विचारलं, “कोणाचे काही प्रश्न?”

चेतन बाकावर उभा राहून ओरडला, “नाही! मंजूर! जा जी लवकर!”

साऱ्या समितीचं एवढं झटपट एकमत पुन्हा झालं नाही.

*

एका वसतिगृहाचा किस्सा सांगितलाच पाहिजे. नाव नाही सांगत. तिथल्या साहेबांनी आम्हाला कॉम्प्युटरची खोली दाखवली, पडदे दाखवले, भिंतीवरची चित्रं दाखवली. आणखी कॉम्प्युटर हवे होते. पोरं खूश. मीही मनात म्हटलं, काम बरं दिसतं.

प्रणाली मध्येच गायब. दहा मिनिटांनी आली आणि सरळ जीपमध्ये जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती आणि दोन मुली दुकानात आल्या.

“काकाजी, दाराची आतली कडी केवढ्याले?”

“कोणत्या दाराले पाहिजे?”

“मोरीच्या. वसतिगृहात पोरींच्या एकाही मोरीले कडी नाही. एकीनं आंघोळ करायची, दुसरीनं दार धरून उभं राहायचं.”

मी कड्या काढल्या. सोबत स्क्रूही दिले. “कॉम्प्युटरचं काय करता मंग?”

“कॉम्प्युटर नाही देत. कड्या देतो.”

“बरं. समितीच्या पैशातून?”

“नाही. समितीच्या पैशाले सगळ्यायची सही लागते, वेळ लागते. पोरींले उद्या सकाळी आंघोळ करायची आहे.” पिशवीत कड्या भरत म्हणाली, “तुमच्याकडून समजा, काकाजी. तुमी पण शिकून राहिले ना देणं?”

तीस वर्षं झाली धंद्याला. माझ्या दुकानातून माल असा कोणी नेला नव्हता!

*

वाचनालय पाहायला आम्ही न सांगता गेलो. धानाच्या रोवणीचे दिवस, गाव सगळं बांधीत, म्हणजे शेतात. मला वाटलं, कुलूप असेल. तर आत पाच-सहा तरुण मुलं बसलेली, पायाला चिखल तसाच. पोलीस भरतीची तयारी करणारी. सकाळी धावायचं, दिवसा रोवणी, मध्ये वेळ मिळाला की वाचनालय.

चेतननं टेबलावरचा पेपर उचलला. पानापानाला चौकोनी भोकं! भरतीच्या जाहिराती ब्लेडनं कापून नेलेल्या. एवढ्या खिडक्या, की पेपराच्या पलीकडे उभा असलेला खोलीमालक स्पष्ट दिसत होता. तो फुटपट्टी घेऊन भिंत मोजायला आला होता.

अथर्वनं शामरावजींना विचारलं, “काका, लोक पेपर कापून नेतात, तुम्ही काही म्हणत नाही?”

शामरावजी छाती काढून म्हणाले, “म्हणतो ना! म्हणतो, सरळ काप!”

खोलीमालकानं तेवढ्यात भिंतीवर पेन्सिलनं एक रेघ ओढली, “इथं काचेचं कपाट येते,” म्हणाला. शामरावजींनी ती रेघ अंगठ्यानं पुसली. मालकानं पुन्हा ओढली. त्यांनी पुन्हा पुसली. आम्ही निघालो तेव्हाही ते चालूच होतं.

प्रणाली पूर्ण वेळ बाहेर ओट्यावर बसून होती.

*

शेवटची सुनावणी पोळ्याच्या चार दिवस आधी. शामरावजी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. नववीचा बाक, त्यात त्यांचे गुडघे मावेनात. समोर टेबलाशी प्रणाली. नियमाप्रमाणे पहिला प्रश्न तिचा.

“सचिव साहेब, तुमचं नाव सांगा.”

शामरावजींनी मागं वळून पाहिलं. सचिव साहेब कोण आले म्हणून!

“तुमचं, तुमचं नाव.”

“तुले माहीत नाही का?”

वर्ग हसला. प्रणाली हसली नाही. “समितीले सांगा.”

त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. तिनं विचारलं, “सभासद किती आहेत?”

शामरावजींनी अभिमानानं आकडा सांगितला, वर कोण कोण पोलिसात लागलं, कोण वनरक्षक झालं, तेही सांगितलं.

“त्यात बाया-पोरी किती?”

शामरावजींनी चष्मा काढला. “तशी मनाई नाही कोणाले.”

“किती?”

“पोट्टे बसलेले असतात दिवसभर. पोरी कशा येतीन?”

“एक पण नाही?”

“...नाही.”

“मी सभासद आहो का?”

मी मागच्या बाकावर. पाय हलवायचे विसरलो. मॅडम फळ्यावरची तारीख पुसू लागल्या, पुसलेली तारीख पुन्हा पुसली.

शामरावजी म्हणाले, “तुले काय गरज? तुले मी घरी आणून देतो ना पुस्तकं!”

“ते तुमी निवडलेले. मले निवडाचे होते.”

“मंग कधी बोलली काहून नाही?”

“तुमी घरी असता तं बोलली असती. तुमी तं वाचनालयात असता.”

मग चेतननं गोदामाच्या छताचं विचारलं, अथर्वनं फरशीचं विचारलं. कोणीतरी विचारलं, नव्या जागेत पोरींसाठी वेळ ठेवाल का. शामरावजी खालच्या आवाजात म्हणाले, “वेळ कायले? पूर्ण दिवस यावं त्याईनं.”

मॅडम म्हणाल्या, “वाचनालयाला द्यायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा.”

आठ हात वर गेले. प्रणालीचे दोन्ही हात टेबलावर. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. हात टेबलावरच.

“आठ विरुद्ध एक,” अथर्व म्हणाला.

प्रणालीनं अर्ज बाजूला ठेवला. “वाचनालय मंजूर. पुढचे कोण आहेत, त्यायले बोलवा.”

शामरावजींना बाकातून निघायला दोन पोरांनी मदत केली.

*

त्याच दिवशी मला सानगडीला जायचं होतं, एका गिऱ्हाइकाचा पंप पाहायला. पाचच्या एसटीत जागा मिळाली ती मधल्या सीटवर. बाजाराच्या बाया, शाळेची पोरं, गाडी खच्चून भरलेली. शामरावजी अगदी पुढं, ड्रायव्हरच्या मागं. प्रणाली शेवटच्या सीटवर, मैत्रिणींसोबत. बाप-लेक एकाच थांब्यावर चढले, पण वेगवेगळ्या दारानं यावं तसे.

कंडक्टर त्याच पट्ट्यातला, सगळ्यांना ओळखणारा. तिकीट काढता काढता म्हणाला, “काय शामरावजी, झाली का तुमची ते समिती? भेटले का पैसे?”

“भेटले.”

“भेटतीनच ना जी! अध्यक्ष घरचीच!”

गाडी हसली. टोपली मांडीवर घेतलेली एक बाई म्हणाली, “बापाले नाही देईन तं का गावाले वाटीन?”

मागून आणखी कोणी, “आमच्या पोरीले पण करा ना जी अध्यक्ष!”

शामरावजी बसून होते. गाडी नाल्याच्या पुलावरून उतरली, तसे ते वरचा दांडा धरून उठले.

“हात वर नाही केला तिनं!”

कंडक्टरला कळलं नाही. “कोणं?”

“माझ्या पोरीनं! आठ पोट्ट्यायनं हात वर केला. तिनं नाही केला! शेठ बसले हायेत मधात, विचारा त्यायले!”

सगळे माझ्याकडे वळले. मी मान हलवली. बोलायची मनाई उठली होती, पण सवय लागली होती.

कंडक्टरच्या मशिनमधून निम्मं तिकीट बाहेर आलेलं, तसंच राहिलं. “बापाले नाही देल्लं मत?”

“नाही देल्लं!”

“सख्ख्या बापाले?”

“सख्ख्या बापाले!” गाडीला गचका बसला, शामरावजी अर्धे फिरले, पण दांडा सोडला नाही. टोपलीवाल्या बाईला म्हणाले, “आयकलं का, बाई?” मग वाकून पुढं, “ड्रायव्हर साहेब, तुमी आयकलं का? विरोधात देल्लं!”

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. आता सगळी गाडी मागच्या सीटकडे मान वळवून. प्रणाली खिडकीबाहेरच्या धानाच्या बांध्या पाहत होती. तिनं मान न वळवता आवाज दिला,

“बाबा, खाली बसा. लोक पाहून राहिले.”